मेम्ब्रेनला पाजलेलं दूध

गुरुवारी सकाळी दामिनीने मनोहरराव सरांना छातीठोकपणे सांगून टाकलं, "सर, चारच्या आत रेघ दाखवते. बॅग भरूनच आणली आहे."

शुक्रवारी संध्याकाळी उमरेडला तिच्या सख्ख्या भावाची हळद होती. सरांची अट एकच, आधी रेघ, मग सुट्टी.

रामदासपेठेतल्या त्या प्रयोगशाळेत दामिनी तीन वर्षं एका रिसेप्टरच्या मागे हात धुऊन लागली होती. रिसेप्टर म्हणजे पेशीच्या दारावरची बेल समजा. बेल वाजली की तिला फॉस्फेटचा टिळा लागतो. दामिनीची नवी अँटिबॉडी मोठी नखरेल, टिळा लागलेलाच रिसेप्टर धरते, बिनटिळ्याकडे ढुंकूनही बघत नाही. तिने तो धरला की मेम्ब्रेन नावाच्या कागदासारख्या पट्टीवर काळी रेघ दिसते.

त्याआधी मेम्ब्रेन तासभर भिजवायची असते. एरवी दुधाच्या पावडरीत भिजवतात, पण या अँटिबॉडीला दूध वर्ज्य. दुधातही फॉस्फेटवालं प्रथिन असतं, ते दिसलं की ही बया तिथेच बिलगते. म्हणून दामिनीने मेम्ब्रेन दुसऱ्या, पाण्यासारख्या द्रावणाच्या डबीत ठेवली आणि बांगड्या भरायला सीताबर्डीला पळाली.

परत येऊन बघते तर डबीत पांढरंशुभ्र.

"चंपतकाका, हे कोणी केलं?"

चंपतराव तिथले जुने अटेंडंट. कौतुकाच्या अपेक्षेने पुढे आले. "म्या केलं, मॅडम. तुमी घाईत दूध टाकाचं विसरून गेल्या होत्या."

"काहून पण?"

"तुमीच तं शिकवलं मले. मेम्ब्रेनले आधी दूध पाजाचं, मग पुढचं काम. पावडर संपली होती, म्हून चहाचं टाकलं. कामठीहून आणतो मी, म्हशीचं. पाण्याचा थेंब नाही त्यात."

दामिनीला रडावं की हसावं कळेना. शिकवलं होतं तिनेच, अगदी डबी हातात धरून. तिने मेम्ब्रेन दहा वेळा धुतली, अँटिबॉडी घातली आणि चार वाजता फोटो काढला. रेघ कुठली, काजळाची डबी सांडल्यासारखी अख्खी मेम्ब्रेन काळीठिक्कर.

सरांनी फोटो उलटासुलटा करून पाहिला. "ग्रहण आहे का हे?"

"उद्या दुपारपर्यंत वेळ द्या, सर," दामिनी कळवळून म्हणाली. "हळदीले बहीण नसली तर आई मले घरात घेणार नाही."

नशीब, पेशींचे नमुने अर्धे उरले होते आणि कुपीच्या तळाशी अँटिबॉडीही. शुक्रवारी पहाटेच येऊन तिने सगळं पुन्हा मांडलं. आधी मोठ्या अक्षरांत पाटी लिहिली, "कोणीही दूध टाकू नये. हुकमावरून." डबीवर ती मावेना, म्हणून शेजारच्या फ्रिजच्या दारावर चिकटवली. मग स्टूल ओढून डबीसमोर बसली ती उठलीच नाही.

दुपारी दोनला रेघ आली. एकच, ठसठशीत, जिथे यायला हवी तिथेच. दामिनी आनंदाने स्टूलवरून उडाली, नव्या बांगड्यांतली एक फुटली, त्याचंही तिला वाईट वाटलं नाही.

"जा, नाच उमरेडला," सर खुशीत म्हणाले. "पण आधी चहा. चंपतराव, स्पेशल करा."

चंपतराव ट्रे घेऊन आले. सहाही कप कोरे, काळेभोर.

"अहो, दूध?" सरांनी विचारलं.

चंपतरावांनी अदबीने फ्रिजकडे बोट दाखवलं. "हुकूम हाय, सर. कालची चूक आज नाही कराची."

सगळे दामिनीकडे बघू लागले. तिने मुकाट्याने कप उचलला, कडू घोट गिळला आणि म्हणाली, "मस्त झाला, काका. अजून अर्धा द्या."