अर्ध्यावर अडकलेला झेंडा

विबेकेच्या वाढदिवसाच्या सकाळी एगॉन ब्रास्क अंगणात झेंड्याची दोरी धरून उभा होता आणि मनातल्या मनात कुणाला तरी शिव्या घालत होता. नेमक्या कुणाला, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. गेला आठवडाभर त्याचं असंच चाललं होतं. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या घशातून कॅमेरा आत सोडला होता आणि अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला कॅन्सर आहे असं शांतपणे सांगितलं होतं. तेव्हापासून त्याला रागही येई आणि हातपायही गार पडत.

"आम्ही बरं करण्याच्या इराद्यानेच उपचार करणार आहोत," बाई म्हणाल्या होत्या. आधी केमो, मग ऑपरेशन. अन्ननलिका काढायची, जठराचीच एक नळी करायची आणि ती वर ओढून घशाशी जोडायची. एगॉनने एवढ्या सगळ्यातून 'इरादा' हा एकच शब्द घरी आणला. त्याचा अख्खा जन्म ड्रायव्हिंगच्या परीक्षा घेण्यात गेला होता. गाडी झाडावर घालणाऱ्या प्रत्येकाचा इरादा सरळ जाण्याचाच असतो, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार?

पहिली केमो सोमवारी होती. "येतो" एवढंच फोनवर कळवायचं होतं. मायब्रित नावाची नर्स रोज फोन करी आणि एगॉन रोज तो वाजायचा थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत बसे. फोन उचलला नाही म्हणून आजार जाणार नाही, एवढी अक्कल त्याला होती. पण उचलला की तो पक्का होईल, अशी धास्ती त्याच्या मनात बसली होती. गावात कुणाला कळू द्यायचं नाही, असंही त्याने विबेकेला बजावून ठेवलं होतं.

"दुपारी सगळे केक खायला येणार," ती सकाळी बसला निघताना म्हणाली होती. तिला शहरात जाऊन केस सेट करून घ्यायचे होते. "घास उतरताना तुझं तोंड कसं होतं ते सगळ्यांना दिसेल."

"डाएट करतोय म्हणून सांगीन."

"तू? डाएट? त्यापेक्षा मेलास म्हणून सांग, लवकर विश्वास ठेवतील," असं म्हणून तिने जीभ चावली, त्याच्या गालाला हात लावला आणि ती गेली.

तर आता झेंडा. घरात वाढदिवस आणि अंगणात झेंडा नाही, असं त्या गावात कधी झालं नव्हतं. आणि एगॉन तर झेंड्याच्या नियमांचा गावातला शेवटचा शब्द. तो जमिनीला टेकता कामा नये, सूर्य बुडायच्या आत उतरला पाहिजे, दोरी ताठ हवी. लोकांच्या कुंपणाशी थांबून तो या गोष्टी ऐकवत असे आणि लोक "हो हो" म्हणून खिडकी लावून घेत असत.

त्याने दोरी ओढली. लाल कापडावरचा पांढरा क्रूस वाऱ्यावर फडफडत वर निघाला आणि काठीच्या बरोबर मध्यावर थांबला. त्याने हिसका दिला. दोरीला कुठेतरी पीळ बसून गाठ पडली होती, झेंडा वरही जाईना आणि खालीही येईना. रोज सकाळी त्याचा पावाचा तुकडा छातीत अडकायचा, अगदी तसा. एगॉनने आणखी जोर लावला, तर डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि तो गवतावर बसला. महिन्याभरात त्याची विजार कमरेवर राहीनाशी झाली होती, जोर आणायचा कुठून?

काठी बुडाशी सोडवून आडवी करता आली असती, पण त्याला किमान दोन माणसं लागतात. म्हणजे समोरच्या प्रेबेनला बोलवावं लागणार. प्रेबेन म्हणणार, "अरे, तुझ्या अंगात काही जीवच उरला नाही की!" आणि मग सगळंच बाहेर येणार. त्यापेक्षा विबेके येईपर्यंत राहू दे तसाच, असं म्हणून एगॉन पायरीवर येऊन टेकला.

आता, अर्ध्यावर फडकणारा झेंडा म्हणजे त्या घरात कुणीतरी गेलं, हे त्या गावात तान्ह्या पोरालाही कळतं. एगॉनला मात्र ते पायरीवर बसल्यावर थोड्या वेळाने आठवलं. समोर प्रेबेनचं दार उघडलं. प्रेबेन बाहेर आला, त्याने एगॉनच्या झेंड्याकडे पाहिलं, टोपी काढली. मग आत जाऊन स्वतःचा झेंडा आणला, रीतीप्रमाणे आधी टोकापर्यंत चढवला आणि हळूहळू अर्ध्यावर आणून बांधला. त्याचं पाहून पलीकडच्या घराने तसंच केलं. मग त्याच्या पलीकडच्याने. बघता बघता अख्ख्या गल्लीत झेंडे अर्ध्यावर आले.

आपलं सुतक गल्लीने आताच धरलंय आणि आपण ते पायरीवर बसून बघतोय, असं एगॉनला वाटलं. मी आणखी किती दिवस आहे हे या लोकांना कुणी सांगितलं? त्याला ओरडावंसं वाटलं, पण तेवढ्यात फाटक वाजलं.

प्रेबेन रस्ता ओलांडून आला. दोघांच्या कुंपणावरून इतकी वर्षं धुसफूस चाललेली, आणि त्या भागातली माणसं तशीही एकमेकांना मिठ्या मारणारी नव्हेत. पण प्रेबेनने वाकून एगॉनला मिठीच मारली.

"एगॉन, काय बोलू मी? आणि नेमकं वाढदिवसाच्या दिवशी!"

तेव्हा एगॉनच्या डोक्यात प्रकाश पडला. हा आपल्यासाठी रडत नाहीये, हा विबेकेसाठी रडतोय! तो घाईघाईने म्हणाला, "नाही, नाही! तसं नाही रे!"

"मीही असंच म्हणत होतो," प्रेबेन त्याची पाठ थोपटत म्हणाला. "नाही, नाही, हेच. विश्वासच बसत नाही. माझी एल्सबेथ गेली ना, तेव्हा मला एवढी भीती वाटली होती, एगॉन. कुणाला सांगितलं नाही मी. दिवसाढवळ्या दिवे लावून बसायचो."

तेवढं त्याने बोलायला नको होतं. 'भीती' हा शब्द आठवडाभर एगॉनच्या घरात कुणी उच्चारला नव्हता. तो आता दुसऱ्याच्या तोंडून आला आणि एगॉनचा बांध फुटला. लहानपणी सायकलवरून पडला होता, त्यानंतर तो पहिल्यांदाच रडत होता, तेही ढसाढसा, नाक गळेपर्यंत. काही सांगायला तोंड उघडलं की हुंदकाच बाहेर पडत होता.

एवढ्यात गुड्रुन आली. गावच्या रहिवासी मंडळाची ही अध्यक्षीण. लग्न असो की मयत, सूत्रं हिच्याच हाती. विबेकेसाठी आणलेल्या गुच्छावरची लाल रिबीन तिने फाटकातच उपटून खिशात कोंबली, तेवढ्याने गुच्छ मयतीचा झाला.

"कुठे आहे ती आत्ता?" तिने हलक्या आवाजात विचारलं.

"शहरात," एगॉन हुंदक्यातून म्हणाला.

"हॉस्पिटलात नेलं म्हणायचं. कधी नेलं?"

"सकाळच्या... बसने गेली."

गुड्रुनने प्रेबेनकडे पाहिलं. "भ्रमिष्टासारखं बोलायला लागलाय बिचारा," ती कुजबुजली. "कॉफी पाज त्याला. नाही, थांब, आधी जरा कडक काहीतरी पाज."

प्रेबेनने कोटातून बाटली काढली. एगॉनने घोट घेतला, तो छातीत आगीसारखा अडकला आणि त्याचा चेहरा असा काही पिळवटला की फाटकाशी जमलेल्या दोन-चार बायकांनीही डोळ्यांना रुमाल लावले.

स्वयंपाकघरात त्याचा फोन वाजायला लागला. "मी बघते," असं म्हणत गुड्रुन आत गेली. उघड्या खिडकीतून तिचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

"हॅलो? हो, एगॉन ब्रास्क यांचंच घर. नाही हो, ते कसे येणार फोनवर? घरात मृत्यू झालाय... आज सकाळीच. हो ना, कुणाला वाटलं होतं का इतक्या लवकर... कुठून बोलताय? हॉस्पिटलातून? मग तुम्हाला माहीतच असेल... सोमवारचं? अहो, आता कसला सोमवार! करा रद्द. नाव काढून टाका. तुम्हीही खूप केलंत, बाई. आभारी आहोत."

एगॉनने हे सगळं ऐकलं. उठून आत धावायला हवं होतं, हे त्याला पक्कं कळत होतं. पण तो उठला नाही. सोमवार रद्द. किती दिवसांनी त्याला मोकळा श्वास घेता आला. सुई नाही, ऑपरेशन नाही, जठराची नळी नाही. आपण काहीच केलं नाही आणि परस्पर सुटलो, असं वाटून त्याला लाजही वाटली आणि बरंही वाटलं.

गुड्रुन बाहेर येऊन कामाला लागली. "मयतीनंतरची कॉफी सभागृहातच ठेवू. केक तयार आहेच, तो वाया कशाला घालवायचा? फक्त वरची मेणबत्ती काढायची. चर्चमध्ये पुढच्या बाकावर एगॉन, शेजारी प्रेबेन. थंडीत माती कडक होते, पण अजून सप्टेंबरच आहे, त्या दृष्टीने बरं झालं."

"त्या दृष्टीने बरंच," प्रेबेन म्हणाला.

एगॉन ऐकत राहिला. केक, बाक, माती. सोमवार रद्द झाला की मागे काय उरतं, ते गुड्रुन पटापटा सांगत होती. फक्त पुढच्या बाकावर एगॉन नसेल, विबेके असेल, आणि तिच्या शेजारी कोण बसणार हेही गुड्रुन इतक्याच चटकन ठरवेल. आठवडाभर त्याला ज्याची भीती वाटत होती, ती सुई होती. आता तिच्यामागचं सगळं दिसलं.

"गुड्रुन," तो म्हणाला, "मला फोन दे."

"कुणालाही कळवायची गरज नाही, मी सगळ्यांना..."

तिचं वाक्य अर्धंच राहिलं. फाटकाशी कुणीतरी किंचाळलं. विबेके आली होती. केस छान फुगवलेले, हातात खरेदीची पिशवी. ती गल्लीतले झेंडे बघत बघत आली होती आणि वाटेत तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. पायरीवर एगॉन दिसल्यावर तिने पिशवी तिथेच टाकली आणि छातीवर हात ठेवला.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

"तू!" गुड्रुन ओरडली आणि मटकन खाली बसली.

"मी? कधी?"

"सकाळीच," प्रेबेन खाली बघत म्हणाला. टोपी पुन्हा घालावी की नाही हे त्याला ठरवता येत नव्हतं.

"कुणी मेलेलं नाही!" एगॉन उठून उभा राहिला. "झेंडा अडकलाय, दुसरं काही नाही. आणि मला कॅन्सर झालाय. अन्ननलिकेचा. माझ्याच्याने दोरी ओढवत नाही, पाव गिळवत नाही आणि मी भयंकर घाबरलोय. घ्या! आता कळलं सगळ्यांना!"

गुड्रुनच आधी बोलली, आणि तिचा आवाज अध्यक्षिणीचा राहिला नव्हता.

"एगॉन, तो हॉस्पिटलचा फोन... तो तुझा होता?"

"माझाच."

"अरे देवा. म्हणजे मी तुला मारलं!"

एगॉनने आत जाऊन नंबर फिरवला. सबंध आठवड्यात ज्या फोनला त्याने हात लावला नव्हता, तो आता कानाला दाबून तो उभा होता. पलीकडे वाद्यसंगीत वाजत होतं आणि त्याच्या पाठीमागे अर्धी गल्ली स्वयंपाकघरात शिरली होती. शेवटी मायब्रितचा आवाज आला.

"मी एगॉन ब्रास्क बोलतोय. सोमवारचं माझं..."

"कोण बोलतंय म्हणालात?"

"एगॉन ब्रास्क. मघाशी मेलो असं तुम्हाला सांगितलं ना, तोच."

"हे पाहा, थट्टेचीही काही सीमा असते. आम्ही इथे सगळे नुकतेच..."

"थट्टा नाही हो! मी जिवंत आहे! ही बघा, शेजारीण आहे, ती सांगेल!" त्याने फोन गुड्रुनच्या तोंडाशी धरला.

"जिवंत आहे," गुड्रुन रडवेल्या सुरात म्हणाली. "माझी चूक झाली. अगदी धडधडीत जिवंत आहे."

एगॉनने फोन परत कानाला लावला. "सोमवारी मी येतोय. माझी जागा कुणाला दिली नाहीत ना? देऊ नका. मला यायचंय."

कळफलकाचा आवाज आला. "मिळाली जागा," मायब्रित म्हणाली. "खरं सांगू का, ब्रास्क, मला वाटलं होतं तुम्ही कधीच फोन करणार नाही. घाबरलाय का तुम्ही?"

एगॉनने मागे वळून पाहिलं. सगळे कान टवकारून उभे होते. "हो," तो म्हणाला. "फार."

"बरं. तसं लिहून ठेवते. सकाळी हलकं काहीतरी खाऊन या."

त्याने फोन ठेवला. पुरुष मंडळी काठी आडवी करायला बाहेर गेली. झेंड्याचं टोक गवताला लागू नये म्हणून प्रेबेन आधीच आरडाओरडा करत होता. स्वयंपाकघरात गुड्रुन, विबेके आणि एगॉन उरले. जीव भांड्यात पडल्यावर गुड्रुनला पुन्हा बोलायला सुचलं.

"पण विबेके, नशीबवान आहेस हो तू. किती रडला तो तुझ्यासाठी! असा नवरा रडताना मी बघितला नाही."

विबेकेचे डोळे भरून आले. तिने एगॉनकडे पाहिलं. "माझ्यासाठी? खरंच?"

वाढदिवसाची याहून चांगली भेट त्याला तिला देता आली नसती. तो गप्प राहिला असता तर ती जन्मभर ते सांगत फिरली असती. पण आज त्याला खरं बोलायची चटकच लागली होती.

"नाही गं," तो म्हणाला. "स्वतःसाठी रडत होतो."

गुड्रुनने हळूच काढता पाय घेतला. विबेकेने फुगवलेले केस मागे सारले आणि कॉफीचं भांडं शेगडीवर ठेवलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "आठवडाभर मी बाथरूममध्ये नळ सोडून रडतेय. आता नळ सोडायला नको."