तिकिटं फाडू नका

आमच्या सोसायटीत घंटागाडी सकाळी सात वाजून दहा मिनिटांच्या आसपास येते, आणि ती आली की तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीतून शर्यत सुटते.

"आणि हे सुटले! दोनशे एकच्या गायधनी वहिनी आतल्या बाजूने आघाडीवर, दोन्ही हातांत बादल्या, ओला वेगळा, सुका वेगळा! मागोमाग एकशे तीनचे निकम सर, पायात दोन वेगळ्या चपला, तरी चाल चांगली! चारशे दोन अजून जिन्यातच... चारशे दोनला आज काय झालंय कळत नाही, मंडळी!"

चारशे दोन म्हणजे मी. मला काहीही झालेलं नसतं. मी चौथ्या मजल्यावर राहतो, जिन्याला बहात्तर पायऱ्या आहेत आणि ओल्या कचऱ्याची बादली घेऊन धावायची मला सवय नाही.

बाल्कनीतले गृहस्थ म्हणजे मधुकर आहिरराव. वय बहात्तर, म्हणजे पायऱ्यांइतकंच. उंची बेताची, अंग काडीसारखं, पण आवाज असा की मी एकदा मोबाइलवर मोजला. गेटपाशी घंटागाडीचा भोंगा चौऱ्याहत्तर डेसिबल भरला आणि आहिरराव काका अठ्ठ्याहत्तर. मी एकलहऱ्याला वीज केंद्रात नोकरी करतो. दर तासाला काट्यांवरचे आकडे वहीत उतरवणं हे माझं तेवीस वर्षांचं काम आहे, त्यामुळे मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही.

काकांचं एक ठरलेलं वाक्य आहे: "तिकिटं फाडू नका!" हे वाक्य ते कुठेही वापरतात. निकम सरांचा मुलगा गणितात नापास झाला, काका म्हणाले, "तिकिटं फाडू नका." गायधनी वहिनींच्या मुलीचं जमत आलेलं लग्न मोडलं, काका जिन्यातून ओरडले, "वहिनी, तिकीट फाडू नका!" वहिनींनी तीन महिने बोलणं टाकलं. तळमजल्यावरच्या एका आजोबांना डॉक्टरांनी "आता घरी न्या" सांगितलं, तेव्हाही काकांनी तेच ऐकवलं. आजोबा त्यानंतर चौदा महिने जगले, त्यामुळे त्या वाक्याला कोणाला नावं ठेवता येईनात.

अर्थ विचारला तेव्हा काकांनी मला शिकवणी दिली. "घोडे रेषा ओलांडतात ना, तेव्हा निकाल लागत नाही. पंच बघतात, कोणी कोणाला आडवं गेलं का, स्वाराच्या वजनात गडबड आहे का. मग 'ऑल क्लिअर' होतं. तोवर हरलेल्यानं तिकीट फाडायचं नसतं. रेसकोर्सवर अर्धी माणसं घाई करून बुडतात."

"तुम्ही रेसकोर्सवर होता?"

"होतो म्हणजे? दंडक टर्फ अँड कॅसिनो कंपनीचा मुख्य समालोचक!"

मी नाशिकमध्ये जन्मलो. नाशिकमध्ये रेसकोर्स नाही, कॅसिनो नाही. मी हे त्यांना सरळ सांगितलं. ते म्हणाले, "म्हणून तर इतिहास लिहावा लागतोय."

हा झाला काकांचा परिचय. आता ठरावाकडे येतो.

गेल्या वार्षिक सभेत विषय क्रमांक चार होता, 'बाल्कनीतून होणारी आरडाओरड'. गायधनी वहिनी उभ्या राहिल्या. "बावीस वर्षांच्या संसारात आमच्या ह्यांनी माझ्या चालण्यावर कधी अवाक्षर काढलं नाही. आणि हा माणूस रोज सकाळी अख्ख्या कॉलनीला सांगतो, 'दोनशे एकचा दम कमी पडतोय!' पडतोय तर पडतोय, तुमच्या बापाचा आहे का दम?"

ठराव अकरा विरुद्ध तीन मतांनी मंजूर झाला. सोमवारपासून बाल्कनीतलं समालोचन बंद. काका मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होते. सभा सुटल्यावर जिन्यात त्यांनी मला हळूच विचारलं, "सोमवार म्हणजे सोमवारची शर्यत धरून, का मंगळवारपासून?"

मी सचिव. नोटीस हातात देऊन सही घेणं माझं काम. शनिवारी बेल वाजवली. काकांनी दार वीतभर उघडलं, स्वतः बाहेर आले आणि मागे दार ओढून घेतलं. त्यांच्या घरात सहसा कोणी गेलेलं नव्हतं. त्यांच्या बायकोला, सिंधूकाकूंना, तर ते राहायला आल्यापासून दोन वर्षांत आम्ही खाली पाहिलंच नव्हतं. "मोठ्या घरच्या असतील," असं गायधनी वहिनींचं मत.

मी खिशात हात घालायच्या आत काकांनी माझ्या हातात एक जाड फाइल ठेवली. "बरं झालं आलात. तुमचा आकड्यांचा हात चांगला. इतिहास पुरा झालाय, एवढे आकडे तपासा. मग तुमचं काय ते बघू."

आकडे तपासा म्हटलं की मी बाकीचं विसरतो.

फाइलवर लिहिलं होतं, 'दंडक टर्फ अँड कॅसिनो कंपनी : साद्यंत इतिहास'. हाताने लिहिलेली दोनशे चौदा पानं. मी रविवारी सकाळी वाचायला बसलो आणि जेवायला तीनदा बोलावणं आलं तरी उठलो नाही.

कंपनी खरंच होती. चांदवडच्या अलीकडे हायवेपासून आत, भाड्याच्या माळावर. संचालक मुंबईचे, डोक्यावर हॅट, आणि घोड्यांना भिणारे. पाहणीला आले की जीपमधून उतरत नसत. पाटी रंगवायला दिली तर रंगाऱ्याने 'टर्फ' एवढ्या मोठ्या अक्षरात काढलं की पुढचं कोणी वाचेना. आठवड्यात एक शेतकरी ट्रॅक्टरभर भुईमुगाची टरफलं घेऊन फाटकावर हजर. "सायेब, टरफल कंपनी हीच ना? लय माल हाय घरी, रेट सांगा." त्याला टर्फ म्हणजे घोडे पळायचं गवत, हे समजवायला अर्धा दिवस गेला. त्यावर तो म्हणाला, "मंग गवत कुटंय?" पंचक्रोशीत नाव पडलं ते टरफल कंपनी, आणि इतिहासातही काकांनी ते प्रामाणिकपणे नोंदवलंय.

कॅसिनोचं प्रकरण दीड पानाचं आहे. आपल्या राज्यात कॅसिनोचा कायदा कागदावर होता, पण लागू कधी झालाच नाही. संचालकांना खात्री होती की आज ना उद्या होणार. म्हणून त्यांनी एक रूलेटचं चाक मागवून ठेवलं. कायदा लागू झाला नाही, पुढे तोही रद्द झाला. चाक गावच्या गणेश मंडळाने लकी ड्रॉसाठी नेलं. प्रकरणाचं शेवटचं वाक्य असं : 'पहिलं बक्षीस स्टीलचा हंडा होता.'

घोडे अकरा. त्यातले सहा मोठ्या रेसकोर्सवरून निवृत्त झालेले, पाच वरातीतले. वरातीतल्यांची अडचण ही की बँड वाजल्याशिवाय पाऊल उचलायचे नाहीत, आणि वाजला की नाचायचे. मोहिनी नावाची पाच नंबरची घोडी तर कोणीही शिट्टी मारली तरी मागच्या पायांवर उभी राहायची. पान अठ्ठ्याऐंशीवर घोडे अकरा होते आणि त्र्याण्णववर बारा. मी पेन्सिलने खूण केली.

आणि काका? ते त्याआधी येवल्याच्या स्टँडवर एसटीच्या गाड्या पुकारायचे. आवाज ऐकून हॅटवाल्यांनी उचलून आणलं. तीन वर्षं ते रोज रिकाम्या मैदानाकडे बघून सराव करत होते. सवय जात नव्हती. "मोहिनी, मोहिनी, फलाट क्रमांक पाचवरून सुटत आहे," असं व्हायचं.

मग उद्घाटनाचा दिवस. येवल्याहून, चांदवडहून माणसं टेम्पो भरून आली. त्या दिवसाची तिकिटं फुकट वाटली होती, प्रत्येकावर एका घोड्याचा नंबर. घोडे रांगेत लावले, आणि नेमका एका कचेरीतून माणूस पत्र घेऊन आला : परवानगी येईपर्यंत एकही घोडा पळवू नये. घोडे तबेल्यात गेले. संचालक जीपमध्ये बसले ते उतरलेच नाहीत. लोक ओरडायला लागले, खुर्च्या उचलल्या. तेव्हा आहिरराव काकांनी माइक हातात घेतला आणि ओरडले, "आणि हे सुटले!"

मैदानात एक घोडा नव्हता. काकांनी सगळी शर्यत तोंडाने पळवली. लोक आधी हसले, मग बसले, मग उठून आपापल्या नंबरच्या नावाने बोंबलायला लागले. इतिहासात अंतराच्या प्रत्येक खांबापाशी कोण कितवा होता ते लिहिलंय. मी तपासलं. प्रत्येक खांबाला अकरा घोडे बरोबर भरतात, एकही हरवत नाही. शेवटचे दोनशे मीटर राहिले, मोहिनी सातव्यावरून तिसऱ्यावर आली...

आणि पुढचं पान कोरं. पान एकशे सदुसष्ट. एकशे अडुसष्टपासून कंपनी बंद पडते.

आकडेवारीत असं कोरं पान मला सहन होत नाही. संध्याकाळी पाच वाजता मी फाइल आणि नोटीस घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेलो. या वेळी दार उघडं होतं. आतून बाईचा आवाज आला, "चारशे दोन ना? या. उजव्या चपलेचा अंगठा सुटलाय तुमच्या, चटचट वाजतेय."

सिंधूकाकू खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. तोंड माझ्याकडे, नजर माझ्या खांद्याच्या बरीच वर.

मी उभाच राहिलो. काका म्हणाले, "साखरेनं गेले डोळे. इथं राहायला आलो त्याच्या आधीच. बसा."

मला पहिल्यांदा सुचलं ते भलतंच. मी म्हणालो, "पान अठ्ठ्याऐंशीवर घोडे अकरा आहेत आणि त्र्याण्णववर बारा."

"बारावं गाढव. मैदान दाबायचा रूळ ओढायचं. त्या मैदानावर सगळ्यांत जास्त तेच पळालं."

"आणि एकशे सदुसष्ट कोरं आहे."

"जनरेटरमधलं डिझेल संपलं," काकू म्हणाल्या. "मी तिकीटखिडकीवर होते. माइक बंद पडला आणि लोक ओरडताहेत, कोण आलं, कोण आलं? तर हे खुर्चीवर चढून सांगतात, तिकिटं फाडू नका! निकाल लागायचाय!" त्यांनी ब्लाउजमधलं छोटं पाकीट काढून त्यातला पुठ्ठ्याचा तुकडा माझ्यापुढे धरला. कडा गोल झाल्या होत्या, आकडा जेमतेम दिसत होता. पाच. "निकाल एकटीला सांगतो म्हणाले, म्हणून लग्न केलं या माणसाशी. तेव्हापासून विचारतेय. सांगत नाहीत."

"ऑल क्लिअर व्हायचंय," काका म्हणाले.

"ऐका. आणि सकाळचंही खरं नसतं हो. परवा घंटागाडी आलीच नाही, तरी यांनी शर्यत लावली. मी म्हटलं, घंटा वाजली नाही, सुटले कसे? तर म्हणे, आज फोटो फिनिश होता, आवाज बंद ठेवला होता."

मी स्पष्ट बोलणारा माणूस आहे. मी म्हणालो, "काका, काकूंसाठी सांगता, तर इथं शेजारी बसून हळू सांगा ना. बाल्कनीतून ओरडायचं कशाला?"

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी टरफलं विकायला आलोय. "कानाशी सांगितलं तर ती बातमी झाली. शर्यत लांबून ऐकायची असते."

मग हात पुढे केला. "द्या नोटीस. कुठं सही करू?"

"मग लोकांना सांगतो मी. कळलं तर कोणी..."

"अजिबात नाही!" दोघंही एकदम म्हणाले. काकू पुढे म्हणाल्या, "कळलं की गायधनी हळू चालेल माझ्यासाठी. निकम चपला जोडीच्या घालतील. मग ऐकायचं काय?"

मी नोटीस खिशातच ठेवली. चपलेचा अंगठा हातात धरून वर आलो आणि सोसायटीच्या रजिस्टरमध्ये लिहिलं, 'नोटीस बजावता आली नाही, सबब ठरावाचा अंमल स्थगित.' तेवीस वर्षांत मी वहीत खोटं लिहिलेलं नाही. हेही खोटं नव्हतं. बजावता आली नाही, एवढं खरंच होतं.

सोमवारी सात दहाला घंटागाडी आली. मी दारात बादली घेऊन उभा. खालून काही आवाज नाही. जिन्याच्या जाळीतून पाहिलं तर काका बाल्कनीत हात कठड्यावर ठेवून उभे होते, तोंड मिटलेलं. ठराव त्यांनी ऐकला होता, आणि नियम पाळणारा माणूस आहे तो. गायधनी वहिनी निघाल्या, अंगणात येऊन थांबल्या, सवयीने वर पाहिलं. काहीच नाही. दोन्ही बादल्या घेऊन त्या तशाच उभ्या राहिल्या, आपण नेमक्या कितव्या हे न कळल्यासारख्या.

मी बायकोला म्हटलं, "बाजूला हो."

"का?"

"आणि हे सुटले!" मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा. माझा आवाज किती भरला, मोजलेला नाही. बहात्तर पायऱ्या मी तुटकी चप्पल घालून उतरलो, तिसऱ्या मजल्यावर बादलीतून कांद्याची सालं उडाली, पहिल्यावर निकम सर भिंतीला चिकटले. अंगणात पाऊल टाकलं तेव्हा तो आवाज आला, आधी जरा चाचरत, मग पुरता.

"चारशे दोन! मंडळी, चारशे दोन बाहेरच्या बाजूने! अहो हा काय प्रकार आहे! निकम सर मागे पडले! दोनशे एक, वहिनी, मागे बघू नका, पळा!"

आणि ठराव मांडणाऱ्या गायधनी वहिनी दोन्ही बादल्या उचलून पळाल्या.

आतून काकू ओरडत होत्या, "कोण आलं? अहो, कोण आलं?"

आम्ही दोघं घंटागाडीपाशी एकदमच पोचलो. मला वाटतं, माझी बादली वीतभर पुढे होती. वहिनींना तसं वाटत नाही. निकाल अजून जाहीर झालेला नाही.