गंज हजर करण्याचा हुकूम

सक्करदऱ्यातल्या अंजनाबाईंच्या घरालगतचा बोळ आपलाच आहे, हे शेजारच्या बाबारावला साठी उलटल्यावर एकाएकी आठवलं. त्यानं बोळाच्या तोंडाशी लोखंडी फाटक बसवलं आणि कुलूप ठोकलं. अंजनाबाईंचं दार त्या बोळातच उघडायचं. मग शहात्तराव्या वर्षी त्यांना मागच्या गोठ्यातून रस्ता गाठावा लागे. तोही म्हैस बाजूला सरकली तर.

दावा लागला. नकाशात नेमकी बोळाचीच रेघ पुसट झालेली. अंजनाबाईंची तरुण वकील रितिका हताश होऊन म्हणाली, "आजी, बोळ तुमचा आहे असं लेखी काहीच नाही का?"

"आहे ना वं. गंजावर आहे."

"कशावर?"

"गंजावर. भात शिजवतो त्या पातेल्यावर."

चाळीस वर्षांपूर्वीचा तो मे महिना अंजनाबाईंना काल घडल्यासारखा आठवत होता. बाबारावचं लग्न होतं, अंगण लहान पडलं, म्हणून त्याचे वडील नत्थूजी मांडवासाठी बोळ मागायला आले होते. पन्नास माणसांची पंगत तिथं उठली. पंधरा दिवसांनी नत्थूजींनी पितळेचा भलामोठा गंज आणून दिला. भांड्यांवर नाव घालणारा त्यांचा सख्खा भाचा, त्यामुळे मजकुराला काटकसर नव्हती. तो गंजाला पूर्ण वळसा घालून आला होता: "सौ. अंजनाबाई देवराव यांस सप्रेम भेट. चि. बाबारावच्या लग्नाचा मांडव आपल्या मालकीच्या बोळात घालू दिला, त्याची आठवण. नत्थूजी. १९८४."

रितिका खुर्चीतून उठलीच. "आजी, धातूवर कोरलेला मजकूर म्हणजे कायद्यानं दस्तऐवज!"

तिनं अर्ज केला, आणि कोर्टानं हुकूम दिला की, मूळ गंज पंधरा दिवसांत हजर करावा.

अंजनाबाई घरी येऊन फडताळाशी उभ्या राहिल्या, तर गंजाची जागा रिकामी! मग आठवलं, तो कामठीच्या नणंदेकडे लग्नाला गेला होता. लगेच फोन लावला.

"वयनी, त्याले तर दोन वर्सं झाले!" सरिता म्हणाली. "गोविंदा ऑटोवाल्याच्या हाती वापस पाठवला व्हता ना मी!"

गोविंदा चौकातच सापडला. "आजी, तुमच्या फाटकाले कुलूप होतं. किती आवाज देल्ले! मंग बाजूच्या घरी ठेवून देला."

"बाजूच्या म्हणजे?"

"ते फाटक ज्यायनं लावलं, त्यायच्याच घरी."

अंजनाबाईंनी कपाळाला हात लावला. हे कळल्यावर रितिकानं मात्र टाळी वाजवली. "आजी, पुरावा विरुद्ध पक्षाकडे असेल तर कोर्ट त्यालाच आणायला लावतं."

दुसरा हुकूम निघाला. आता गंज बाबारावनं हजर करायचा होता.

तारखेला बाबाराव कडक इस्त्रीचा सदरा घालून आला. संसारात तो ताटापर्यंतच गेलेला माणूस, स्वयंपाकघराचा उंबरा त्याला ठाऊक नव्हता. छाती काढून तो म्हणाला, "साहेब, असा कोणताच गंज माझ्या घरी नाही. शपथेवर सांगतो."

अंजनाबाईंनी रितिकाकडे बघितलं. मोडीत गेला असेल तर? उरलेलं आयुष्य म्हशीच्या मर्जीवर?

इतक्यात दाराशी गलका झाला. शिपाई कुणाला तरी अडवत होता.

"बाई, खायचं सामान आत नेता येत नाही."

"खायचं सामान नाही गा, पुरावा हाय!"

बाबारावची बायको नंदिनी गंज कमरेवर घेऊन आत आली. तो बेसनाच्या लाडवांनी शिगोशीग भरलेला होता.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "हे काय?"

"साहेब, हुकूम घरी आला तो मी वाचला. ह्यायनं नाही वाचला, नुसती सही केली," नंदिनी म्हणाली. "गंज मावशीचा हाय. पण दुसऱ्याचं भांडं रिकामं कसं वापस देऊ? लाडू करता करता उशीर झाला."

"आपल्या घरी हा कुठून आला?" बाबाराव ओरडला.

"परवा मसालेभात तीनदा घेतला, तो कायच्यात शिजला होता?"

न्यायाधीश खाली बघून काहीतरी लिहू लागले. त्यांचे खांदे मात्र हलत होते. मजकूर वाचायला कारकून गंजाभोवती फिरू लागला. अर्ध्या फेरीत त्याचा चष्मा घसरला.

"राहू द्या भाऊ," नंदिनी म्हणाली, "दोन वर्सं रोज घासून राहिली मी. पाठ हाय मले." आणि तिनं 'सौ. अंजनाबाई'पासून '१९८४'पर्यंत सगळं खणखणीत म्हणून दाखवलं. 'आपल्या मालकीच्या' हे शब्द तर दोनदा.

बाबारावच्या वकिलानं दहा मिनिटं मागितली. पाच मिनिटांतच तडजोड झाली: बोळ अंजनाबाईंचा, फाटक बाबारावनं काढायचं. गंज दप्तरी जमा झाला. लाडवांना निशाणी क्रमांक देता येईना, म्हणून ते व्हरांड्यात वाटले गेले. बाबारावच्या वकिलानं दोन घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबाराव घाम पुसत फाटकाचे स्क्रू काढत होता. शेवटची झडप निघाली तशा अंजनाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून बाहेर आल्या. बोळाच्या मधोमध चालत रस्त्यापर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या.

न राहवून बाबारावनं विचारलं, "मावशी, कुठी चालल्या?"

"कुठीच नाही गा," त्या म्हणाल्या, "नुसती चालून राहिली."