गंगाधररावांची ट्रान्सफर केस

बायकोला न विचारता जीप घ्यायची, हा गंगाधररावांच्या आयुष्यातला पहिला स्वतंत्र निर्णय. (दुसरा अजून व्हायचा आहे.) भोरच्या एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळण्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. भाजी आणायला गेले तर मेथी घेऊ की शेपू, हे विचारायला बाजारातून दोनदा फोन करणारा हा माणूस. त्यानं शिवऱ्याच्या सावळाराम मेस्त्रीकडून जुनी फोर बाय फोर जीप घेतली आणि घरी चकार शब्द काढला नाही.

कारण साधं होतं. मालिनीताईंनी नोकरीची पहिली नऊ वर्षं वेल्ह्याकडच्या पालीच्या वर, डोंगरातल्या एका धनगरवस्तीवरच्या शाळेत काढली होती. तिथल्या बयाबाईनं त्यांना बहिणीसारखं सांभाळलं होतं. पुढं बदली होऊन भोरला आल्या तरी वर्षातून एकदा त्या चढून वर जायच्याच. मग गुडघ्यांनी संप पुकारला. तीन वर्षं झाली, दोघींची गाठ नव्हती. बयाबाईलाही आता उतरवत नव्हतं. तिची नात प्रगती फोन लावून द्यायची, पण बयाबाई फोनवर फक्त "ऐकू येतंय का?" एवढंच विचारत राही.

एकदा चहा पिता पिता मालिनीताई म्हणाल्या, "आता वर जाणं काही व्हायचं नाही हो." गंगाधररावांनी पेपर नाकासमोर धरला. एक पानभर बातम्या वाचल्या, त्यातलं एक अक्षर डोक्यात शिरलं नाही. पुढच्याच रविवारी ते शिवऱ्याला गेले.

लायसन्स त्यांच्याकडं होतं, पण आजवर त्याचा उपयोग ओळखपत्र म्हणूनच झालेला. म्हणून चार रविवार सराव करायचा, मग बायकोला थेट वस्तीच्या अंगणात उतरवायचं, असा बेत ठरला. घरी "ऑफिसचं काम आहे" म्हणून सांगायचं आणि सावळारामकडंच ठेवलेली जीप शिवऱ्याच्या रस्त्यावर पळवायची. जीपला दोन दांडे होते. एक गिअरचा, दुसरा चारही चाकांना जोर देणारा. सावळारामनं दुसऱ्या दांड्याबद्दल काहीतरी सांगितलं होतं, पण तेव्हा गंगाधरराव हॉर्न वाजवून बघत होते. चार चाकं ओढायला तयार असताना दोघांनाच का राबवायचं, असा न्यायबुद्धीचा विचार करून त्यांनी तो दांडा पहिल्याच रविवारी ओढला आणि तसाच ठेवला.

तिसऱ्या रविवारी वळणावर गाडीच्या पोटातून दळणाच्या गिरणीत खडा पडावा तसा आवाज आला. मग कडाड. मग शांतता.

फोन करून बोलावलेला सावळाराम गाडीखाली गेला आणि हात काळे करून बाहेर आला.

"सायेब, डांबरीवर फोर बाय फोर लावून चालवली व्हय तुमी?"

"चारही चाकांना सारखं काम..."

"चिखलात ठीक हाय. तितं चाकं घसरत्यात. डांबरीवर वळताना फुडली चाकं येगळी पळत्यात, मागली येगळी. दोघांची वढावढ ह्या डब्यात व्हती." त्यानं गाडीच्या पोटातल्या एका लोखंडी डब्यावर पाना वाजवला. "ट्रान्सफर केस म्हंत्यात हिला. इंजनाचा जोर फुडं-मागं वाटून देती. आतलं दातं गेल्यात, वरून तडाबी गेलाय. दुसरीच बघाय लागंल."

गंगाधरराव एसटीनं घरी आले. बुधवारी सावळारामचा फोन आला, तेव्हा ते गॅलरीत जाऊन हळू आवाजात बोलले. हळू आवाजात बोलतोय असं त्यांना वाटत असे. प्रत्यक्षात समोरच्या इमारतीतल्या लोकांना ऐकू जात असे.

"ट्रान्सफर केस अगदीच हाताबाहेर गेलीय का? आपल्या ओळखीनं काही होणार नाही? बरं, बघा काही जमतंय का. आणि घरी कळता कामा नये, हं. तिला धक्का बसेल."

स्वयंपाकघरात मेथी निवडत बसलेल्या मालिनीताईंचा हात थांबला.

त्या दिवसापासून घरात काहीतरी बदललं. पानात थालीपीठ आलं, वर लोण्याचा गोळा. पेपर आधी गंगाधररावांना मिळू लागला. ओला टॉवेल पलंगावर पडला तरी कुणी काही बोलेना. गंगाधरराव घाबरले. छत्तीस वर्षांच्या संसारात एवढी माया एकदम त्यांनी पाहिली नव्हती. हिला जीपचं कळलंय, हे त्यांनी ओळखलं.

शनिवारी जेवण झाल्यावर मालिनीताईंनीच विषय काढला.

"तुमच्या त्या ट्रान्सफर केसचं काय झालं?"

गंगाधररावांनी ताकाची वाटी खाली ठेवली. "तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. गॅलरीतून."

"रागावलीस?"

"रागावून काय होणार? कुठं जायचं ते सांगा."

"वेल्ह्याच्या बाजूला. डोंगरात."

मालिनीताईंनी एक श्वास घेतला. "हरकत नाही. मी येईन तुमच्याबरोबर."

"अगं, तू येणारच. तुझ्यासाठीच तर केलं सगळं."

"माझ्यासाठी?" त्या बघतच राहिल्या. "आणि राहायचं कुठं?"

"राहायचं कशाला? संध्याकाळी परत."

"रोज?"

"रोज कशाला? वर्षातून एकदा."

"ही कसली हो बदली?"

"बदली कुणाची?" गंगाधरराव म्हणाले, "बदलायचीय ती जीपची."

मग सगळं बाहेर आलं. जीप, रविवारचा सराव, दुसरा दांडा, कडाड. मालिनीताई ऐकत राहिल्या. शेवटी उठल्या आणि त्यांनी पलंगाखालून एक बॅग ओढली. आत गंगाधररावांचा स्वेटर, त्यांच्या बीपीच्या गोळ्या, दोन ताटं, दोन वाट्या आणि छोटा कुकर होता.

"उतारवयात लांब कुठंतरी टाकताहेत तुम्हाला, असं वाटलं," त्या म्हणाल्या. "एकटे गेलात तर तुम्ही रोज पोहे खाल."

गंगाधररावांनी कुकर उचलून जागेवर नेऊन ठेवला. (चुकीच्या जागी. पण तेव्हाही कुणी काही बोललं नाही.)

सावळारामला एका भंगारात निघालेल्या जीपची धडधाकट ट्रान्सफर केस मिळाली. ती बसवताना गंगाधरराव दोन रविवार समोर स्टुलावर बसले होते, दवाखान्यात नातेवाईक बसतात तसे. दुसऱ्या रविवारी मालिनीताईही आल्या. त्यांनी मेस्त्रीकडून दुसऱ्या दांड्याची पूर्ण शिकवणी घेतली आणि नवऱ्याकडून ती तीन वेळा घोकून घेतली.

आणि मग ते निघाले. पाली मागं पडली, डांबर संपलं, दगडमातीची जुनी वाट सुरू झाली.

"लावू?" गंगाधररावांनी विचारलं.

"आता लावा."

जीपनं गुरगुरत चढण धरली. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, मध्ये करवंदीच्या जाळ्या. दोनदा चाक हवेत गेलं. मालिनीताईंनी डोळे मिटून नवऱ्याचा दंड धरला होता. दंडाला रग लागली, तरी गंगाधररावांनी सोडवला नाही. पाच किलोमीटरला दोन तास लागले, पण जीप अंगणात जाऊन उभी राहिली.

बयाबाई दारातच बसली होती. काठी टाकून तशीच उठली. दोघी एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या, आणि बराच वेळ कुणीच "ऐकू येतंय का" विचारलं नाही.

"लई वाळलात, बाई," शेवटी बयाबाई म्हणाली.

"तू कुठं जाड झालीस?"

गंगाधरराव जीपला टेकून उभे होते. घाम पुसण्याच्या निमित्तानं त्यांनी डोळेही पुसून घेतले. इतक्यात घरामागून हॉर्न वाजला. कोपऱ्यावरून लाल एसटी आली, गोठ्यापाशी थांबली आणि तिच्यातून प्रगती पिशवी घेऊन उतरली.

"ही एसटी इथं कशी?" गंगाधररावांनी विचारलं.

"पल्याडच्या अंगानं डांबरी झाली न्हवं," बयाबाई म्हणाली. "म्हैना झाला. दिसातनं दोनदा येती."

गंगाधररावांनी बायकोकडं पाहिलं. मालिनीताई पदर नीट करू लागल्या.

"तुला माहीत होतं?"

"प्रगतीचा फोन आला होता. तुम्ही तेव्हा स्टुलावर बसला होतात."

"मग बोलली का नाहीस?"

"इतक्या आनंदात होतात," त्या म्हणाल्या. "आणि मला एसटीनं यायचं नव्हतं."

हे वाक्य गंगाधररावांनी दोनदा मनात घोळवलं. मग त्यांची छाती जराशी फुगली. ते बयाबाईकडं वळून म्हणाले, "काही म्हणा, आम्ही आलो त्या वाटेनं यायची कुणाची छाती नाही."

"खरंय, दाजी," बयाबाई म्हणाली. "तिकडनं आता आमची शेरडंबी येत न्हाईत."