खिंडीतली खुर्ची

शिंदेअण्णा बूट काढून, दोन्ही हात पसरून ऑफिसच्या कॉरिडॉरमधून तरंगत निघाले, की आम्ही चहाचे कप छातीशी धरून भिंतीला चिकटायचो.

"सरका स्वल्प! घार आहे मी."

आमचं ऑफिस बंगळूरच्या महादेवपुऱ्यात. घाटातल्या डोंगरांवर पवनचक्क्या कुठं उभ्या केल्या म्हणजे वीजही मिळेल आणि तिथल्या जिवांचंही निभेल, हे आम्ही ठरवायचो. आता हे सगळं कॉम्प्युटरवरच तपासतात आणि खुर्च्या जागच्या जागी असतात. तेव्हा अण्णा आराखडा खडूनं फरशीवर काढत, प्रत्येक पवनचक्कीच्या जागी एक फिरती खुर्ची ठेवत आणि स्वतः पक्षी होऊन मधून जात. खुर्ची लागली की "मेलो!" ओरडत. आराखडा नापास. वाटेत खिंड असली तर ती ओलांडून थांबत, मागं वळून बघत, मग पुढं. आम्हाला वाटायचं, गुडघे दुखत असतील.

अण्णांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरच्याच शिवाजीनगरातलं; 'थोडं'ला 'स्वल्प' म्हणण्याइतकं कानडी त्यांच्या मराठीत मुरलेलं. माझं पुणेरी मराठी ऐकून म्हणायचे, "बातम्या संपल्या? आता बोल."

माझा पहिला आराखडा मी मोठ्या ऐटीत आणला. पाच पवनचक्क्या, एका रेषेत.

"पंगत बसवलीस की रे!" म्हणत अण्णा उडाले. तिसऱ्या खुर्चीशी, ऐन खिंडीत, "मेलो!"

आमचे साहेब नागपूरचे. "अण्णा, वारा खिंडीतच तर आहे नं बाप्पा! आधी पक्षी दाखवा, मग खुर्ची काढतो."

म्हणून अण्णा आणि मी त्या डोंगरावर गेलो. सकाळभर मी दुर्बीण सोडली नाही. एकदा "गरुड! बसलाय!" म्हणून ओरडलोही. ती उघडी काळी छत्री निघाली, खाली मालकासकट.

दुपारी खडक तापले आणि खिंडीतून खराच गरुड आला. पंख न हलवता. पलीकडं जाऊन घिरट्या घालत राहिला. मागून दुसरा आला, तेव्हा कुठं दोघं पुढं गेले.

अण्णा तिकडंच बघत राहिले.

"आमची सरोजा अशीच मागं राहायची," ते म्हणाले. "प्रत्येक डोंगरावर यायची माझ्याबरोबर. खिंड ओलांडून थांबलो नाही, तर दिवसभर बोलायची नाही."

अण्णांच्या पत्नी सरोजाक्का आता नाहीत, हे मला ऑफिसात ऐकून माहीत होतं. मी उगीच दुर्बीण पुसत बसलो.

परतल्यावर साहेबांना फोटो दाखवले. सगळ्यांत माझा अंगठा. एकात अंगठ्यामागून अर्धा पंख डोकावत होता.

"हा पक्षी?" साहेब म्हणाले.

"सर, तुम्हीच उडा एकदा," अण्णा म्हणाले.

साहेबांनी हसत बूट काढले, हात पसरले, ऐटीत निघाले आणि खिंडीतली खुर्ची त्यांच्या गुडघ्यावर बसली.

"मेलो!"

साहेब गुडघा चोळत म्हणाले, "काढा बाप्पा ती खुर्ची."

खुर्ची काढली. अण्णा पुन्हा निघाले. रिकाम्या खिंडीतून सरळ पलीकडं गेले, थांबले, मागं वळून बघू लागले.

मी बूट काढले. हात पसरले. एका मोज्याला भोक होतं, तरी निघालो.

"पंख सांभाळ रे," अण्णा म्हणाले. "सावकाश ये. थांबलोय मी."