सात भरले का?

सरकारी रोजगार योजना यशस्वी झाली की नाही, हे ठरवायची आमच्या धोंडूतात्यांची कसोटी एकच : संध्याकाळी सहाला वाडीचा कबड्डीचा संघ भरतो का? उमरठच्या वरच्या अंगाला त्यांची वाडी. कुठलंही सरकारी प्रशिक्षण संपलं, की तात्या मैदानावर जाऊन माणसं मोजतात. सात भरले तर योजना पास.

शिवणकाम शिकलेले दोघे प्रमाणपत्र घेऊन थेट मुंबईला गेले. नापास. मधमाशीपालनाने एक गडी वाडीत टिकला, पण डोळे सुजल्यामुळे त्याला समोरचा गडीच दिसेना. काठावर पास. मोटारसायकल दुरुस्ती शिकलेल्याने पोलादपूरला गॅरेज टाकलं. तो फक्त रविवारी येतो, म्हणून तात्यांनी त्याला अर्धा धरला. "सध्या साडेसहा हायेत," असं ते अगदी गंभीरपणे सांगतात.

महाडच्या रोजगार मेळाव्यात साहेबांनी लाभार्थ्यांचा आकडा वाचला, तेव्हा तात्यांनी उभं राहून त्यातले संध्याकाळी सहाला घरी किती असतात, असं विचारलं. साहेब भला माणूस. त्याने खरोखरच फाईल चाळली. चहा येऊन गार झाला, तरी तो रकाना काही सापडला नाही.

पोलादपूरला माझं ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान आहे. दुसऱ्या दिवशी तात्या तिथे हजर. अर्ज मुलाचा, महेशचा. तो पाच वर्षं मुंबईत हॉटेलात आहे आणि आता महाडच्या एका कारखान्यात जागा निघाली होती. 'विशेष गुण' या रकान्यात तात्यांनी मला 'डावा कोपरा चांगला सांभाळतो' असं लिहायला लावलं. पाळी अर्थातच सकाळची मागितली, म्हणजे सहाला महेश मैदानावर.

"तात्या, कबड्डीसाठी पोराची नोकरी घालवाल," मी थट्टेत म्हटलं.

तात्या म्हणाले, सातला अंधार पडला की महेशच्या आईला घरात करमत नाही. "मला पन नाय," ते हळूच म्हणाले. थट्टा केल्याचं मला फार वाईट वाटलं.

अर्ज पाठवणार, तोच त्यांनी माझा हात धरला. "कुठलीपन पाळी लिही रे. रातपाळी चालंल."

"मग सहाला सात कसे भरायचे? योजना नापास होईल."

"होऊंदे नापास," तात्या म्हणाले. "पोरगा दिवसाचा घरात झोपलेला हाय, येवढं मला ठावं असलं म्हंजे झालं."