पावडर कोण चोरतं?

शनिवारी अकराच्या आत चोर सापडणार, याबद्दल शास्त्रज्ञाला तिळमात्र शंका नव्हती. शंका होती ती बाकी सगळ्यांबद्दल!

शास्त्रज्ञ हे त्याचं चढाईच्या जिममधलं नाव. रसायनशास्त्राची पदवी घेऊन तो नुकताच रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत लागला होता. दर शनिवारी थोरल्या बहिणीबरोबर तो इथे यायचा. बारा मीटर उंच भिंत, तिच्यावर ठोकलेल्या रंगीबेरंगी पकडी, कमरेला दोर. घामाने हात निसटू नयेत म्हणून जो तो पांढरी पावडर लावायचा. शास्त्रज्ञाची पावडर मात्र उघड्यावर ठेवलेल्या कापरासारखी उडून जात होती.

"आठवड्याला साठ ग्रॅम, ताई! मी वजन करतोय. कुणीतरी हात मारतंय."

"मग विचार की सगळ्यांना."

"विचारलं की चोर सावध होतो."

ताई गप्प बसली. तिचं ते गप्प बसणंही त्याने मनात टिपून ठेवलं.

पंचाईत अशी, की पुढच्या रविवारी जोड्यांची स्पर्धा होती. एकाने चढायचं, दुसऱ्याने खाली दोर धरायचा. ताईसारखा दोर धरणारं दुसरं कुणी नव्हतं. पण जिच्या हाती जीव सोपवायचा, तीच पावडर पळवत असेल तर?

म्हणून त्याने पावडरीत चिमूटभर जांभळा रंग घोटला. खाण्यातलाच, निरुपद्रवी. कोरडा असताना दिसायचा नाही, घाम लागला की वांग्यासारखा खुलायचा आणि दोन दिवस साबणाला दाद द्यायचा नाही! एरवी चढताना कमरेला लटकणारी पिशवी आज बाकावर उघडी ठेवून तो छताकडे बघत शीळ घालू लागला.

"मान लचकली का रे?" चष्म्याच्या दुकानवाल्या काकांनी विचारलं.

हेही संशयास्पदच!

"चल, तुझी पाळी!" ताईने हाक मारली. शास्त्रज्ञ दचकला. घाईघाईत सवयीप्रमाणे दोन्ही हात मनगटापर्यंत पिशवीत खुपसले, टाळी वाजवली आणि पालीसारखा भिंतीला चिकटला. वर चढताना त्याचं निम्मं लक्ष पकडीवर आणि निम्मं खाली बाकावर. स्वतःच्या हातांकडे बघायला फुरसत कुणाला?

तो उतरला. त्याच वाटेने वकीलबाई चढल्या, उतरल्या आणि किंचाळल्या, "अगंबाई! हे काय?"

तळवे जांभळे!

"पिशवीला हात लावलात ना?" शास्त्रज्ञ गरजला.

"कुठल्या पिशवीला? पुरावा आहे?"

तेवढ्यात काका उतरले. त्यांचे हात जांभळे, आणि खाजवलं म्हणून नाकही! ढिली पकड आवळायला शिडीवर चढलेले जिमचे सर खाली आले ते कपाळावर जांभळी पाच बोटं घेऊन.

"टोळी आहे टोळी!" शास्त्रज्ञ म्हणाला. मग त्याची नजर ताईच्या हातांवर गेली. स्वच्छ! "ताई, तू हात धुतलेस?"

ताईने दोर खाली ठेवला.

"मी खाली दोर धरून उभी होते," ताई सावकाश म्हणाली. "तुझा जीव माझ्या हातात होता, आणि तू माझे हात तपासतोयस?"

पण शास्त्रज्ञ आता थांबणार होता थोडाच! "साधा नियम आहे. पिशवीतून पकडीवर, पकडीवरून बाकीच्यांच्या हातांवर. म्हणजे रंग ज्याचा सर्वांत गडद, त्यानेच पिशवीत हात घातला. तोच चोर!" असं म्हणून त्याने सगळ्यांवर बोट रोखलं.

बोट जांभळं होतं. नुसतं जांभळं नव्हे, काळपट जांभळं! मनगटापर्यंत!

"आरोपी हजर आहे," वकीलबाई म्हणाल्या.

"पण... पण मग साठ ग्रॅम?"

"एका चढाईत एकवीस वेळा पिशवीत हात घालतोस," ताई म्हणाली. "मी खालून मोजते. भीती वाटली की घालतोस. चारचौघांत कशाला सांगायचं, म्हणून बोलले नाही इतके दिवस."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं शास्त्रज्ञाला वाटलं. पण जिमची जमीन ती, दुभंगते कसली!

सरांनी निकाल दिला: सगळ्या पकडी एकूण एक घासून दे, नाहीतर पुढच्या रविवारी येऊ नकोस. दोर धरायला कुणीच पुढे होईना. शेवटी ताईनेच दोर हातात घेतला.

ब्रश घेऊन शास्त्रज्ञ आठ मीटरवर लोंबकळला. त्याने एकेक पकड खसाखसा घासायला घेतली.

"ताई, स्पर्धेला तू माझ्याबरोबरच ना?"

"ती कोपऱ्यातली पिवळी राहिली."

"ताई?"

"घास!"

त्याने जोर लावून घासली. पिवळी पकड जांभळी झाली होती, ती जांभळीच राहिली. रंग खरोखरच उत्तम निवडला होता.